रिपोर्ट नॉर्मल, पोट ॲबनॉर्मल

प्रत्येकाच्या डोक्यात शहराचा एक प्रायव्हेट नकाशा असतो. खादाड माणसाच्या नकाशात वडापावच्या गाड्या असतात, प्रेमात पडलेल्यांच्या नकाशात समुद्रावरचे कमी गर्दीचे कट्टे असतात. माझ्या नकाशात टॉयलेट्स आहेत. ठाणे ते लोअर परळ, अप आणि डाऊन. कुठल्या स्टेशनवरचं उघडं असतं, कुठल्या मॉलचं सकाळी अकराच्या आत उघडत नाही, कुठल्या कॉफी शॉपमध्ये काहीही न घेता थेट आत गेलं तरी पोरं ओळखीचं हसतात, हे सगळं तोंडपाठ. लोकलमध्ये टॉयलेट नसतं हे तुम्हालाही माहीत आहे. फरक एवढाच की मला ते रोज सकाळी आठ बावीसच्या फास्टमध्ये चढताना आठवतं.

वय एकोणतीस, जाहिरात एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंग, म्हणजे दिवसभर लोकांशी गोड बोलायचं काम. विषय जरा 'ई गं' कॅटेगरीतला आहे, कल्पना आहे मला. डबा खाता खाता वाचत असाल तर आधी डबा संपवा. पण वाचा नक्की, कारण हे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही चालू असू शकतं आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

अकरा जण आडवे, दहा जण उभे

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये आमच्या ऑफिसची पिकनिक कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर गेली होती. हल्ली तिला 'ऑफसाइट' म्हणायचं. पाऊस, धबधबा, भजी, रात्री डीजे. चोवीस जण गेलो. सोमवारी त्यातले अकरा जण घरी आडवे होते. ताप, उलट्या, जुलाब, सगळं पॅकेज. मलाही तेच. ओआरएस, पेज, एक सलाइन, पाच दिवस गोळ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर तुफान जोक्स झाले. आठवड्याभरात दहा जण टुणटुणीत होऊन परत वडापाव खायला लागले.

माझा ताप गेला, उलट्या गेल्या. पोट मात्र परत आलं नाही. म्हणजे जागेवरच होतं, पण माझं राहिलं नव्हतं. सकाळी घरातून निघायच्या आधी तीनदा पळापळ. जेवून वीस मिनिटं झाली की बेंबीच्या खाली असा पीळ पडायचा की टेबलाची कड धरून बसावं लागे. संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं. मग मध्येच दोन दिवस एकदम कडकडीत बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

सल्ल्यांना तर काही तोटाच नव्हता. आईचं ओवा-सैंधव, हिंग घातलेलं ताक आणि मुगाची खिचडी. मावशीनं मीठ-मोहरी घेऊन रीतसर दृष्ट काढली. ऑफिसमधल्या फिटनेसवाल्यानं सकाळी कोमट पाण्यात लिंबू सांगितलं. बॉस म्हणाला, ''यू नीड योगा.'' आणि झाडून सगळ्यांचं एकमत कशावर? ''टेन्शन घेतेस तू!'' अहो, टेन्शन मी पिकनिकच्या आधीही घेत होते. क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये तेच तर घ्यायचं असतं.

'काही नाहीये तुम्हाला'

तीन महिन्यांनी तपासण्यांची फेरी सुरू झाली. रक्त, स्टूल, थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिॲकची टेस्ट, सोनोग्राफी. शेवटी कोलोनोस्कोपी, आणि त्यात आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून बायोप्सी. आपल्याकडे आतड्याचा टीबी बराच आढळतो, म्हणून तोही बघून घेतात. सगळं नॉर्मल. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी मात्र रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन रडले. तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्या दिवशी काहीतरी सापडावं असंच वाटत होतं मला.

एका डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, ''काही नाहीये तुम्हाला. लग्नाचं काय ठरलंय?''

इकडे ऑफिसमध्ये वेगळीच गंमत. एका मोठ्या पिचच्या मीटिंगमधून मी तीन वेळा उठून बाहेर गेले. महिन्याभरात त्या अकाउंटवर दुसरी मुलगी आली. ''तुला बरं नाहीये ना, म्हणून जरा हलकं काम,'' असं अगदी प्रेमानं सांगण्यात आलं. मार्चमध्ये प्रमोशन तिचं झालं. वर एचआरचं मेल: वारंवार उशिरा येण्याबद्दल, वैद्यकीय कारण असल्यास कागदपत्रं सादर करावीत. कागदपत्रं भरपूर होती माझ्याकडे, दीड इंच जाडीची फाइल. पण तिच्यातला प्रत्येक कागद 'हिला काही झालेलं नाही' असंच सांगत होता.

पाय मोडला की प्लास्टर दिसतं. ताप आला की आकडा दिसतो. रिपोर्ट नॉर्मल आला की आजारी माणूस कामचुकार ठरतो, आणि काही दिवसांनी त्याला स्वतःलाही तशी शंका यायला लागते. माझ्या बाबतीत तो दिवस आला होता. राजीनाम्याचा ड्राफ्ट लिहून ठेवला होता मी.

प्रिस्क्रिप्शनच्या मागचं चित्र

मग दादरच्या एका गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलायला एकदम घरच्यासारख्या. फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ''हे सुरू व्हायच्या आधी पोटाचं मोठं इन्फेक्शन झालं होतं का गं?''

आठ महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि आतड्याचं चित्र काढलं. आत अस्तर, त्याखाली एक थर, मग स्नायूंचे दोन थर. आणि त्या दोन स्नायूंच्या मध्ये जाळीसारख्या रेघा. म्हणाल्या, ''ही जाळी म्हणजे नसा. बायोप्सीत आम्ही अस्तराचा चिमटा काढतो. ही जाळी त्याच्या खाली, खोल असते. त्यामुळे तुझा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे अस्तर नॉर्मल आहे. नसांना कुणी विचारलेलंच नाही.''

घरी येऊन मी या जाळीबद्दल वाचत सुटले. आणि खरं सांगते, जाम इंटरेस्टिंग आहे हे प्रकरण.

अन्ननलिकेपासून थेट शेवटापर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत स्वतःची वेगळी मज्जासंस्था असते. त्यातल्या मज्जापेशींचा अंदाज दहा कोटींपासून सुरू होतो आणि काही पटींनी वर जातो. स्नायूंच्या दोन थरांमधल्या जाळीला आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे, अस्तराखालच्या जाळीला माइसनरचं. दोघंही एकोणिसाव्या शतकातले. १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीनं कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि आतून दाब दिला. तरीही दाबाच्या वरचा भाग आवळला, खालचा सैल पडला आणि आतला माल पुढे सरकला. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबर्गनं गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून भांड्यात ठेवला, तर तोही हेच करत राहिला. थोडक्यात काय, हे खातं मेंदूकडे फाइल न पाठवता स्वतःच्या सहीनं काम करतं. अमेरिकेतल्या मायकेल गर्शन यांनी १९९८ च्या पुस्तकात त्याला 'दुसरा मेंदू' म्हटलं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिनही पोटातच असतं. आपण मात्र मूडच्या गप्पा मारताना ते सगळं डोक्यात आहे असं धरून चालतो.

आता या जाळीच्या शेजारीच शरीराची पोलीस चौकी आहे, म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. जंतू आत घुसले की तिथे लाठीमार सुरू होतो, दाह होतो, सूज येते. जंतू मरतात. पण धुमश्चक्रीत आजूबाजूच्या वायरिंगलाही फटके बसतात. काही मज्जापेशी मरतात, काही जखमी होतात, काही वाचतात पण कायमच्या चिडक्या होऊन बसतात.

याचं सगळ्यात भयंकर रूप ब्राझीलमध्ये पाहायला मिळालं. कार्लोस चागास या डॉक्टरनं १९०९ मध्ये तिथे एका किड्यामार्फत पसरणाऱ्या परजीवीचा आजार शोधला. त्या आजारात काही रुग्णांच्या आतड्याच्या नसा दाहामुळे नष्ट होतात आणि बऱ्याच वर्षांनी मोठं आतडं हलेनासं होऊन फुग्यासारखं फुगतं. माझं काही तसं नव्हतं, घाबरू नका. पण जंतूंच्या दाहानं आतड्याच्या नसा मरू शकतात, हे तिथे स्पष्ट दिसलं.

साध्या जुलाबातही असं होत असेल का? २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी उंदरांना साल्मोनेलाचं इन्फेक्शन दिलं. जंतू गेल्यावरही त्या उंदरांच्या आतड्यातल्या मज्जापेशी कमी झालेल्या होत्या आणि आतडं मंद चालत होतं. गंमत म्हणजे स्नायूंमधल्या काही संरक्षक पेशी त्याच वेळी उरलेल्या नसा वाचवायला धडपडत होत्या. म्हणजे पोलिसांमध्येही दोन गट.

आणि चिडक्या नसांचं काय? २०२१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हनच्या टीमनं दाखवलं की इन्फेक्शनच्या काळात जे अन्न आतड्यात असतं, त्यालाच तिथली प्रतिकारशक्ती गुन्हेगार समजून बसू शकते. मग जंतू गेल्यावरही ते अन्न आलं की तिथल्या मास्ट पेशी रसायनं सोडतात, नसा पेटतात आणि पोटात कळ येते. हे उंदरांवर सिद्ध झालं. मग आयबीएसच्या बारा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया अशा पदार्थांचे अंश टोचून पाहिले, तर बाराही जणांना कशाची ना कशाची रिअॅक्शन आली. बारा हा आकडा छोटा आहे, मान्य. पण 'जेवून वीस मिनिटांनी' या माझ्या तक्रारीवर कुणीतरी प्रयोगशाळेत बसलंय, हे वाचूनच मला निम्मं बरं वाटलं.

डॉक्टरबाईंनी मात्र हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं होतं. ''स्वयंपाकघरातली आग विझलीय, पण अलार्मची वायर करपलीय. आता साधी फोडणी दिलीस तरी अलार्म वाजतो.''

कॅनडातलं एक गाव

या आजाराचं नाव पोस्ट-इन्फेक्शस आयबीएस. 'आयबीएस म्हणजे मनाचे खेळ' असं अजूनही कुणी म्हणालं तर मी त्यांना वॉकरटनची गोष्ट सांगते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला, गुरांचं शेण वाहून गावाच्या विहिरीत उतरलं आणि पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतं. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळानं घरोघर पोचले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. मग मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी काय दिसलं? ज्यांना जुलाब झालेच नव्हते, त्यांच्यात आयबीएस साधारण १० टक्के. ज्यांच्या आजाराची वैद्यकीय नोंद होती, त्यांच्यात ३६ टक्के. एकाच गावातले, एकच पाणी प्यायलेले एवढे लोक एकाच वेळी 'टेन्शन घ्यायला' लागले असतील का हो?

सगळीकडचे अभ्यास एकत्र केले तर पोटाच्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास सुरू होतो. आजार जितका जोरात, तितका धोका जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि हो, आधीपासून चिंता असेल तरीही धोका वाढतो. म्हणजे टेन्शन या गोष्टीत पाहुणा कलाकार आहे, हीरो नाही. आमच्या पिकनिकचा हिशेब तर अगदी पुस्तकी निघाला. अकरातली एक, मी.

वॉकरटनची गोड बातमी शेवटी ठेवलीय. आठ वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा आयबीएसचं प्रमाण जवळजवळ अर्ध्यावर आलं होतं. या आजारात बरेच जण हळूहळू सुधारतात. हळूहळू हा शब्द अधोरेखित करून घ्या.

आई, कांदा आणि मी

उपचार काय? एक गोळी आणि खटका बंद, असं काही नाही. रोज थोडं इसबगोल. सहा आठवडे 'लो फॉडमॅप' डाएट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीनं शोधलेला हा प्रकार. नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या शर्करा काही आठवडे टाळायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून कोण गुन्हेगार ते ओळखायचं. डाएटिशिअनच्या देखरेखीखाली, मनानं नाही. यादी ऐकून आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. कांदा नाही, लसूण नाही, गहू कमी, राजमा-छोले नाहीत, साधं दूध नाही. ''मग घरात शिजवायचं तरी काय गं? चातुर्मास लागलाय का आपल्याकडे बारा महिने?''

पण मग तीच कामाला लागली. यातल्या लसणाच्या शर्करा पाण्यात विरघळतात, तेलात नाही, हे डाएटिशिअननं सांगितल्यावर आईनं तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकायला सुरुवात केली. वासाला आमटी तीच, पोटाला त्रास नाही. कांद्याऐवजी हिंग आणि कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. सहा आठवड्यांनी निकाल लागला. कांदा दोषी. छोले-राजमा दोषी. दही निर्दोष, दोन पोळ्यांपर्यंत गहूही निर्दोष. मावशीची दृष्ट-बिष्ट मात्र कुठल्याच यादीत नव्हती.

शिवाय रात्री एक छोटी गोळी, ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. नाव गूगल केलं तर 'डिप्रेशनवरचं औषध' दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. फिरून सगळे तिथेच! बाईंना फोन लावला. त्या हसल्या. म्हणाल्या, ''डिप्रेशनला याच्या कितीतरी पट डोस लागतो गं. एवढ्याशा डोसनं पोटातल्या नसांचा आरडाओरडा कमी होतो, म्हणून देतेय.'' २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४६३ आयबीएस रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली, १० ते ३० मिलिग्रॅमवर, आणि नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ही नक्कीच सरस ठरली. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी झोप येते. चालतंय. पण ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, बारीक ताप असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर 'मलाही तेच असेल' म्हणून हा लेख कापून ठेवू नका. डॉक्टर गाठा. माझ्या सगळ्या तपासण्या आधी झाल्या होत्या म्हणूनच बाईंना कागद उलटा करता आला.

एका ओळीची चिठ्ठी

त्यांनी मला एक पत्रही दिलं, ऑफिससाठी. एकच ओळ. आजाराचं नाव, तो इन्फेक्शननंतरचा आहे आणि कामाच्या वेळेत थोडी सवलत लागेल. ती ओळ घेऊन मी एचआरकडे गेले. समोर बसलेली मुलगी माझ्याच वयाची. तिनं वाचलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, ''मला टायफॉइडनंतर सेम होतंय. कॉलेजपासून. मला वाटायचं माझाच स्वभाव असा आहे.'' आम्ही पाऊण तास बोललो. एचआरच्या केबिनमध्ये इतका वेळ कुणी हसताना मी तरी पाहिलेलं नाही.

आता मी साडेदहाला ऑफिसला पोचते, दाराजवळच्या डेस्कवर बसते आणि मोठ्या मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून टाकते की मी मध्येच उठले तर थांबू नका. पहिल्यांदा कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आता कुणी वरही बघत नाही. ते अकाउंट मला परत मिळालं नाही. दुसरं मिळालं, जरा लहान आहे, पण माझं आहे. पूर्वी आठवड्यातले पाच दिवस वाईट जायचे, आता दोन जातात. राजीनाम्याचा ड्राफ्ट डिलीट केला नाहीये, पण उघडलेलाही नाही.

सगळ्यात मोठा बदल आईत झालाय. पूर्वी सोसायटीत कुणी विचारलं, ''पोरगी फारच वाळलीय हो,'' तर ती गप्प व्हायची, नाहीतर ''जरा जास्त विचार करते'' म्हणायची. परवा जिन्यात जोशीकाकूंनी विचारलं. आई पिशवी खाली ठेवून म्हणाली, ''तिच्या पोटातल्या नसांना सूज येऊन गेलीय. भरायला वेळ लागतो.'' आणि पिशवी उचलून वर आली.